जे परत घेता येत नाही

पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या चौपट. पण तिथे कातळ होता, आणि कातळ फोडायला स्वीडनहून आणलेली यंत्रं होती. पेडण्याला लागली पाण्याने भिजलेली चिकणमाती. खणावं तर ढासळायची, उपसावं तर पाणी भरायचं. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, जवळपास २००० पूल, ९१ बोगदे एवढं सगळं होत आलं आणि सावंतवाडी ते पेडणे हा तुकडा तेवढा अडून बसला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा हिशेब पाच वर्षांचा होता. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती जानेवारी १९९८ मध्ये.

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या वर्गात या प्रकाराला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. कामांची जी साखळी सगळ्यांत लांब, तिच्या लांबीएवढाच प्रकल्प लांबतो. बाकीची कामं कितीही लवकर उरकली तरी काही फरक पडत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने आपल्या रासायनिक कारखान्यांच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी हे गणित बसवलं. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' नावाचं भावंड तयार केलं. आज कुठल्याही एमबीएच्या विद्यार्थ्याला संगणकावर दहा मिनिटांत हा मार्ग लाल रंगात काढून दाखवता येतो. पेडण्यालाही कुठे अडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न होता त्या चिखलासमोर उभं राहून उद्या सकाळी काय करायचं, याचा.

ते ज्यांना ठरवायचं होतं त्या ई. श्रीधरन यांचा तिथवरचा रस्ता बघण्यासारखा आहे. कोझिकोडच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस शिकवणं, मग मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षभर उमेदवारी, मग परीक्षा देऊन रेल्वेत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरला जोडणारा पांबनचा पूल वाहून गेला. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि पस्तिशीही न गाठलेल्या श्रीधरन यांनी काम ४६ दिवसांत पुरं केलं. कोकण रेल्वे हाती आली ती १९९० मध्ये, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. दिल्ली मेट्रो त्याच्याही नंतर. जगाला माहीत असलेला 'मेट्रोमॅन' घडायला अशी उभी हयात जावी लागली. आज तेविसाव्या वर्षी 'मला प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय' म्हणणारी मुलं भेटतात तेव्हा त्यांना हा क्रम सांगावासा वाटतो. नाउमेद करण्याचा हेतू नाही, पण या नोकरीला पुढचं दार नाही. प्रत्येक धंद्यात आत शिरायची वाट बाजूने आहे, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

का वेगळी? वेगवेगळ्या धंद्यांतली ही कामं जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की पदाचं नाव सगळीकडे सारखं असलं तरी कामाचा स्वभाव एकाच गोष्टीने ठरतो: त्या धंद्यात कुठली चूक परत घेता येत नाही? त्या चुकीच्या अलीकडे, दोन पावलं आधी, ज्याला उभं राहता येतं तोच पुढे त्या धंद्यात प्रकल्प सांभाळतो.

बांधकामापासून सुरुवात करू, कारण तिथे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. स्लॅब भरायच्या आधी साइटवर 'पोअर कार्ड' नावाचा कागद फिरतो. शटरिंग तपासलं, सळई नकाशाप्रमाणे बांधली, विजेचे पाइप टाकले, कव्हर ब्लॉक बसवले, अशा एकेका रकान्यापुढे एकेकाची सही. सगळ्या सह्या झाल्याशिवाय मिक्सरची गाडी आत येऊ द्यायची नाही, असा नियम. गंमत अशी की काँक्रीटचे क्यूब ताकदीसाठी तपासतात ७ व्या आणि २८ व्या दिवशी. अट्ठाविसाव्या दिवशी निकाल हाती येतो तेव्हा वर आणखी दोन मजले चढलेले असतात. निकाल वाईट आला तर काय करता? कोअर काढून बघता, सल्लागाराला बोलावता, फारच झालं तर तोडता. म्हणून बांधकामातला चांगला मॅनेजर स्लॅबच्या दिवशी फारसा दिसत नाही. तो आदल्या दिवशी संध्याकाळी बॅटरी घेऊन सळईत फिरतो.

इथली शिडी जुनी आणि ठरलेली आहे. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा बीई, मग ट्रेनी, मग साइट इंजिनिअर, मग एखाद्या भागाचा इन्चार्ज. इथे वाट दुभंगते. काहीजण अंमलबजावणीतच राहतात: मुकादम, सेंटरिंगवाले, बार बेंडर यांच्यात रमणारे. काही प्लॅनिंगच्या खोलीत जातात आणि प्रायमावेरा या सॉफ्टवेअरवर बार चार्ट काढतात. तिसरी खुर्ची मात्र तरुण मुलं टाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत शिकवणारी आहे: बिलिंग इंजिनिअरची. मोजमापं घ्यायची, कंत्राटातल्या परिमाणांच्या यादीशी ताडायची, ठेकेदाराची दर महिन्याची बिलं लावायची, जादा कामाचे दावे मांडायचे. कंटाळवाणं काम आहे. पण कंत्राट खरोखर वाचलेला माणूस साइटवर बहुधा हाच असतो, आणि मोठ्या प्रकल्पात भांडण शेवटी कंत्राटाच्या कलमावर येऊन थांबतं. १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'निकमार'सारख्या संस्था बांधकाम-व्यवस्थापन वेगळा विषय म्हणून शिकवतात. तिथून निघालेल्यांनाही पहिली काही वर्षं साइटची धूळ चुकत नाही, आणि चुकू नये.

सरकारी बाजूचा प्रकार निराळा. मुंबई मेट्रो ३ घ्या: कुलाबा ते सीप्झ, ३३.५ किलोमीटर, जवळजवळ सगळं जमिनीखाली. दाट वस्तीच्या पोटातून, जुन्या इमारतींच्या पायाखालून १७ यंत्रांनी भुयारं पाडली. पण या प्रकल्पाचं वेळापत्रक ज्याने खाल्लं ते भुयार नव्हतं. ती होती आरेतली कारशेड. ऑक्टोबर २०१९ मध्ये झाडं तोडली, नोव्हेंबरमध्ये सरकार बदललं आणि काम थांबलं, २०२० मध्ये शेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, तिथल्या कामाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि शेड आरेत परतली. पहिला टप्पा धावला ऑक्टोबर २०२४ मध्ये, पूर्ण मार्ग त्यानंतर वर्षाने. प्रकल्पाच्या प्रमुख होत्या सनदी अधिकारी अश्विनी भिडे. याच घडामोडींत २०२० मध्ये त्यांची बदली झाली आणि २०२२ मध्ये त्या परत आल्या. आरेतली झाडं तोडायला हवी होती की नको, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. मात्र तोडलेलं झाड परत घेता येत नाही, आणि त्यावरच इतकं रण माजलं, हे तक्ते काढणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे मोठ्या सार्वजनिक कामात जमीन आणि परवानगी हाच बहुतेक वेळा क्रिटिकल पाथ असतो.

बेंट फ्लीव्बियर या डॅनिश अभ्यासकाने जगभरातल्या १६,००० हून अधिक प्रकल्पांची माहिती गोळा केली आहे. खर्च आणि वेळ दोन्ही पाळणारे प्रकल्प त्यात ८.५ टक्के निघाले. खर्च, वेळ आणि सांगितलेला फायदा हे तिन्ही साधणारे अर्धा टक्का. म्हणजे दोनशेत एक. ज्या धंद्यात दोनशेत एकच पास होतो, तिथे अपयशाची व्याख्याच सैल होत जाते, आणि 'तीन महिने उशीर' हे कौतुकाचं वाक्य ठरतं.

चाकणला गेलं की भाषा बदलते. इथे प्रकल्प म्हणजे नव्या गाडीचा नवा सुटा भाग, आणि मुक्कामाचं ठिकाण म्हणजे एसओपी: ज्या दिवशी गाडी बनवणाऱ्या कंपनीची उत्पादन-रांग चालू होते तो दिवस. ती तारीख पुरवठादाराने ठरवलेली नसते आणि त्याच्यासाठी ती हलतही नाही. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी १९९४ मध्ये मिळून 'एपीक्यूपी' नावाची पायरीवार पद्धत लिहून काढली. आज भोसरीतल्या छोट्या शॉपमध्येही डेव्हलपमेंटचा माणूस एपीक्यूपी आणि पीपॅप (भागाच्या मंजुरीची प्रक्रिया) हे शब्द कांदेपोहे म्हणावे इतक्या सहज बोलतो.

इथे परत न घेता येणारी गोष्ट पोलादात असते. प्लास्टिकचा भाग काढायचा साचा एकदा कापला की कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. वेल्ड करून भरता येतं, पण टूलरूमवाला ते कपाळाला आठ्या घालूनच करतो. म्हणून जिथे मापाची खात्री नाही तिथे साच्यात पोलाद थोडं जास्त ठेवतात, ट्रायल घेतात, मग लागेल तसं खरवडतात. टूलरूममध्ये याला 'स्टील सेफ' म्हणतात. मला वाटतं, प्रकल्पांविषयी इतकं शहाणं पारिभाषिक पद दुसऱ्या कुठल्या धंद्याने दिलेलं नाही. इथली वाट बहुधा टूलरूम, क्वालिटी किंवा डिझाइनमधून येते. डिप्लोमावाल्यांना बढतीसाठी पदवीची अट आडवी येते हे खरं, पण साच्याची ट्रायल डोळ्यांनी वाचणारा डिप्लोमावाला मीटिंगमध्ये कुणाला दबत नाही.

टाटा मोटर्सचे गिरीश वाघ हे या वाटेवरचं ठळक उदाहरण. पुण्यात मेकॅनिकल शिकलेले वाघ आधी 'एस' या छोट्या मालवाहू गाडीच्या प्रकल्पाचे प्रमुख होते. २००५ मध्ये आलेली ती गाडी गल्लीबोळांत पोचली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' करून टाकलं. मग त्यांच्याकडे नॅनो आली. जानेवारी २००८ मध्ये ती जगाला दाखवली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ उभा राहिलेला कारखाना सिंगूरमधून उचलून साणंदला न्यावा लागला, आणि तरी २००९ मध्ये गाडी बाजारात आली. प्रकल्प म्हणून हा पराक्रमच. पुढे नॅनोला अपेक्षेएवढं गिऱ्हाईक मिळालं नाही. अशा वेळी प्रकल्प फसला म्हणायचं का? ठरलेल्या किमतीची गाडी ठरल्यासारखी उभी करणं हे एक काम, आणि ती लोकांना हवी आहे का हे ओळखणं हे दुसरं. कंपन्यांत या दोन कामांच्या खुर्च्या वेगळ्या असतात, आणि पहिल्या खुर्चीवरच्याला दुसऱ्या खुर्चीच्या चुकांचं ओझं वाहावं लागतं. वाघ यांचं मात्र तिथे अडलं नाही. पुढे ते कंपनीच्या व्यावसायिक वाहन विभागाचे प्रमुख झाले.

अधिकाराचा प्रश्न इथेच येतो. श्रीधरन यांना स्वतंत्र महामंडळ मिळालं होतं. बहुतेकांना मिळते ती फक्त जबाबदारी. डिझायनर डिझाइन विभागाचा, खरेदीवाला खरेदीचा, तपासणीवाला क्वालिटीचा. पगारवाढ त्या त्या साहेबाच्या हातात. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे लग्नघरातला मामा. आचारी त्याने ठरवलेला नसतो, पैसे त्याचे नसतात, पण नवऱ्यामुलाचा बूट सापडत नसला की सगळे त्यालाच शोधतात.

औषधांच्या चाचण्यांत वाट सगळ्यांत अनपेक्षित. बीफार्म, मायक्रोबायोलॉजीवाले तर येतातच. आपल्याकडे बीएएमएस, बीएचएमएस झालेली, दवाखाना टाकायला भांडवल किंवा मन नसलेली मुलंमुलीही मोठ्या संख्येने इकडे वळतात. सुरुवात रुग्णालयात स्टडी को-ऑर्डिनेटर म्हणून, मग कंपनीतर्फे चाचणीच्या केंद्रांवर देखरेख ठेवणारा सीआरए, मग काही वर्षांनी क्लिनिकल प्रोजेक्ट मॅनेजर. सीआरएची नोकरी म्हणजे आज नागपूर, परवा कोइमतूर. बॅग कायम भरलेली. इथला दंडक एका वाक्यात मावतो: कागदावर नाही ते घडलंच नाही. रुग्णाने संमतिपत्रावर सही करण्याआधी त्याचं रक्त चाचणीसाठी घेतलं गेलं असेल, तर ती चूक जगातला कुठलाही मॅनेजर दुरुस्त करू शकत नाही; ती नोंदवता येते फक्त. गंभीर दुष्परिणाम दिसला तर संशोधक डॉक्टरने २४ तासांत कळवायचं असतं. २०१९ च्या नव्या नियमांनी हे सगळं एका जागी आणलं, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची जाहीर नोंदणी तर २००९ पासूनच सक्तीची आहे. बांधकामातला गडी इथे आला तर आठवड्यात वैतागेल: एवढे कागद? आणि इथला माणूस साइटवर गेला तर घाबरेल: एवढे कमी कागद?

माहिती-तंत्रज्ञानाबद्दल मराठी घरांत मी नव्याने काय सांगणार. हिंजवडीच्या वाहतुकीइतकीच तिथली शिडीही पाठ आहे. कोडिंग, मॉड्यूल लीड, टीम लीड, ऑनसाइटचा एक फेरा, मग प्रोजेक्ट मॅनेजर, नशीब असेल तर डिलिव्हरी मॅनेजर. या धंद्याचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे इथे बरंच काही परत घेता येतं. चुकलं तर मागची आवृत्ती लावा. याच सोयीवर फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी 'अजाइल'चा जाहीरनामा लिहिला: थोडं बनवा, दाखवा, बदला. त्यात प्रोजेक्ट मॅनेजर हे पद कुठेच नाही. स्क्रम पद्धतीतही नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत कित्येकांच्या कार्डावरचं नाव बदलून स्क्रम मास्टर झालं, आणि पुढे कंपन्यांनी तीही पदं कमी केली. पन्नाशीकडे झुकलेल्या, पंधरा वर्षांत कोडची एक ओळ न लिहिलेल्या मॅनेजरची आजची घालमेल इथून येते. त्याच्याविषयी विनोद करणं सोपं आहे. परदेशातल्या ग्राहकाला वाईट बातमी वेळेवर सांगणं हे कौशल्य त्याच्याकडे असतं, आणि ते अजून स्वस्त झालेलं नाही.

शिवाय 'परत घेता येतं' हा समज सगळीकडे लागू नाही. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एका शनिवार-रविवारी ५२ लाख ग्राहकांची माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली. माहिती बरोबर पोचली, प्रणाली मात्र कोसळली. लोकांना स्वतःची खाती दिसेनात, पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जावं लागलं. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला, आणि २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंड. ठपका काय? पुरवठादार तयार आहे याची पुरेशी खात्री करून घेतली नाही. बँकांच्या कामात शुक्रवारी रात्री सुरू होणाऱ्या या 'कटओव्हर'साठी तासातासाचा आराखडा असतो, आणि त्यात एक ठरावीक वेळ: इथपर्यंत मागे फिरता येईल, इथून पुढे नाही. ती वेळ कोण ठरवतं आणि त्या क्षणी 'नको' म्हणायची मुभा कुणाला आहे, एवढं विचारलं तरी प्रकल्प कसा चाललाय ते कळतं.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतली पीएमआय ही संस्था १९६९ ची, तिची पीएमपी परीक्षा १९८४ पासून. पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा तीन वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, म्हणजे परीक्षा स्वतःच सांगते की आधी काम करून या. आयटीत आणि आखाती देशांतल्या बांधकामात तिचा उपयोग होतो. नोकरीसाठी आलेल्या अर्जांच्या चाळणीत नाव टिकतं. चाकणला तिच्याविषयी फारसं कुणी विचारत नाही. चित्रपटात तर हसतील. तिथे लाइन प्रोड्यूसर किंवा पहिला सहायक दिग्दर्शक हाच प्रोजेक्ट मॅनेजर. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे मागच्या सिनेमाचं पॅकअप वेळेवर झालं होतं का, एवढंच. तिथे परत न येणाऱ्या गोष्टी दोन: कलाकाराच्या तारखा आणि मावळतीचा उजेड.

आणि नाशिकचा सिंहस्थ? तिथे तारीख पंचांग ठरवतं, ती बारा वर्षं आधी सगळ्यांना ठाऊक असते, आणि तरी रस्ते नेमके शेवटच्या दोन वर्षांत खणले जातात. २०२७ च्या ऑगस्टमधलं स्नान कुठल्याही ठेकेदारासाठी पुढे ढकललं जाणार नाही.

आता प्रश्न उरतो एका धंद्यातून दुसऱ्यात जाता येतं का, हा. पुस्तकं म्हणतात, कौशल्य सगळीकडे सारखंच. अनुभव सांगतो, उडी जमते ती जिथे चुकीची जात जुळते तिथे. औषध-चाचणीतली माणसं वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत रुळतात, कारण कागदाची शिस्त तीच. सैन्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर्स विभागातले अधिकारी महामार्गाच्या कामात पटकन बसतात. आयटीतून थेट बांधकामात गेलेले फार थोडे टिकतात. 'पुढच्या आठवड्यात बदलू' ही सवय स्लॅबला चालत नाही.

सध्या ऐरोली-महापे पट्ट्यात जी डेटा सेंटर्स उभी राहताहेत, तिथे मात्र हे दोन्ही स्वभाव एका छपराखाली लागतात. खाली पाइलिंग आणि काँक्रीट, वर सर्व्हर. मधला बहुतेक पैसा विजेत आणि थंडाव्यात. इमारत हाती देण्याआधीची शेवटची चाचणी मुद्दाम वीज तोडून घेतात: बॅटऱ्यांनी भार पेलला का, जनरेटर काही सेकंदांत उठले का, चिलर पुन्हा चालू झाले का. ती पास झाल्याशिवाय ग्राहक आपली यंत्रं आत आणत नाही. त्या दिवशी बटणापाशी उभा राहणारा माणूस बहुधा सिव्हिलचाही नसतो आणि संगणकाचाही. तो इलेक्ट्रिकलवाला असतो, ज्याला इतकी वर्षं इमारतीच्या साइटवर 'शेवटी येणारा ठेकेदार' म्हणून कोपऱ्यात बसवलं जायचं. आता त्याच्या नावाचे फोन कन्सल्टंटांकडून येतात. डिप्लोमाला इलेक्ट्रिकल मिळालं म्हणून तोंड पाडून बसलेला कुणी भाचा-पुतण्या घरात असेल, तर त्याला एकदा महाप्याला पाठवून बघा.